केकच्या गाडीतलं थंडी मशीन

आमच्या पिकअपला एअरकंडिशन बसवला तेव्हा अख्खं गावठाण हसलं. हसू दे. ज्यांच्या घरात पंखासुद्धा पाहुणे आले तरच लागायचा, त्यांनी भाजीच्या जुन्या गाडीत गारवा आणायचा म्हणजे डोकं फिरलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. "गाडीला थंडी मशीन लावलंस, आता कोंबड्यांना स्वेटर विण," असं समोरची आंटी म्हणाली. मी म्हटलं, "विणते. लोकर तू आण."

हसणाऱ्यांपैकी कुणी कारण विचारलं नाही, म्हणून आता सांगते. माझी आई लग्नाचे केक करायची. अंगणात विटांची भट्टी होती आणि त्या भट्टीवर आमचं घर चालायचं. आम्ही अंधेरीच्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती माणसं. उपासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत आणि ईस्टर झाला की सगळ्यांना एकदम घाई सुटते. म्हणजे केकचा हंगाम नेमका मे महिन्यात. केकवर लोण्याचे गुलाब आणि बाहेर अंगाची लाही. वडील होते तेव्हा पिकअप भाजी घेऊन बाजारात जायची. ते गेल्यावर ती मी चालवायला घेतली, तेव्हा मुलगी गाडी चालवते म्हणूनही लोकांनी पोटभर हसून घेतलं होतं.

सत्तर सालानंतरच्या एका मे महिन्यात, मालाडच्या लग्नात, आमचा दुमजली केक हॉलच्या दारातच एका अंगावर बसला. नवरीची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "घरगुती म्हटलं की असंच." आईनं बसलेला केक तसाच उचलून गाडीत ठेवला. घरी येऊन म्हणाली, "अजून एक पडला ना, तर भट्टी मोडून टाकीन. लोकांची धुणीभांडी करीन, पण अशी मान खाली घालून उभी राहणार नाही." आई बोलायची ते करायची. मला इतका संताप आला होता की रडूही येईना. ऊन आत्याबाईंच्या डोक्यावर पण होतं, पण वितळला तो आमचाच केक.

मग मी आणि मामा कुर्ल्याच्या भंगारात गेलो. मामा गॅरेजात कामाला होता आणि एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी म्हटलं की तो पेटायचा. तिथे एक लांबलचक परदेशी मोटार कापायला घेतली होती, तिच्यातला एअरकंडिशन शाबूत होता. कुठल्या गाडीला लावणार, असं भंगारवाल्यानं विचारलं. पिकअपला म्हटल्यावर तो म्हणाला, "वाट लागेल."

"आमची लागेल ना, तुझी नाही," मामा म्हणाला आणि मशीन खांद्यावर घेतलं.

तसं ते सोपं होतं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, डॅशबोर्डखाली गार हवेची पेटी आणि गरमी बाहेर टाकायला रेडिएटरच्या पुढे एक जाळी. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आत गॅस भरून घेतला. अंगणात चालू केलं आणि पेटीतून अशी हवा आली की समोरची आंटी जपमाळ घेऊन आत बसली ती उतरेना.

पहिल्या लग्नाला निघालो आणि वाटेतच पेटीतून गरम वारा. गुलाब चपटे झाले. आईनं ती बाजू भिंतीकडे वळवली म्हणून निभावलं. घरी आल्यावर मामानं नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला, कुठे बुडबुडा येतो का बघायला. एकही आला नाही, म्हणजे गॅस जागेवर होता. पट्टा बदलला, जाळी धुतली, वायरी तपासल्या. बाजारात नेली तर गार. बोरिवलीपर्यंत नेली तर गार. पुन्हा केक घेऊन लग्नाला निघालो तर गरम. लग्न शेजारच्याच वाडीत होतं म्हणून वाचलो. "हिला दुसऱ्याचं लग्न बघवत नाही," मामा म्हणाला. आंटीनं दृष्ट काढायला सांगितली, तर आम्ही गाडीवरून मीठ-मिरच्यासुद्धा ओवाळल्या.

आणि मग गल्लीतल्याच एका मुलीचं लग्न ठरलं. पार्टी जुहूच्या हॉटेलात, मुलाकडची मंडळी शहरातली. मुलाची आई आमच्या घरी येऊन गोड आवाजात म्हणाली, "केक तुम्हीच करा. फक्त एक आम्ही बेकरीचाही मागवून ठेवतोय. तुमच्याला वाटेत काही झालं तर."

आईनं तिच्या हातात चहा दिला. "ठेवा ना. तुमच्या ड्रायव्हरला घरी न्यायला होईल." ती गेल्यावर आई भट्टीपाशी जाऊन उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी आई केक मांडीवर घेऊन पुढे बसली, मामा मागे चढला. आमच्याकडे रीत आहे, लग्नाला निघालेली गाडी, मग ती बैलगाडी का असेना, तोंड सजवल्याशिवाय गावठाणाबाहेर पडत नाही. आंटीनं आणि बायकांनी बॉनेटपासून बंपरपर्यंत विणलेल्या झावळ्या बांधल्या, वर झेंडूच्या जाडजूड माळा. हॉटेलात जायचं म्हणून या वेळी जरा जास्तच.

अंधेरीचं रेल्वे फाटक बंद होतं. तिथे उभे असतानाच तो ओळखीचा गरम वारा आला. वरच्या मजल्यावरचा एक गुलाब झुकला. आई पदरानं केकला वारा घालू लागली.

मी उतरले ती गाडीला लाथ घालायलाच. पुढे गेले आणि पाय तसाच राहिला. झावळ्या आणि माळा जाळीला घट्ट चिकटून बसल्या होत्या. पंखा आतून हवा ओढत होता आणि हवेला यायला जागाच नव्हती. बाजारात जाताना गाडीचं तोंड मोकळं असायचं, बोरिवलीला नेली तेव्हाही मोकळं होतं. लग्नाला जाताना मात्र दर वेळी आम्हीच ते कौतुकानं बांधत होतो.

"मामा, हे सगळं सोड."

"वेडी झालीस? लग्नाच्या गाडीची सजावट वाटेत सोडत नाहीत. अपशकुन असतो." मामाला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. खरं सांगायचं तर माझाही हात थांबला. उद्या त्या पोरीच्या संसारात काही झालं असतं, तर गल्लीनं माझंच नाव घेतलं असतं.

आईनं आतून विचारलं काय झालं ते. मी सांगितलं.

"झावळ्या मागे ठेव," ती म्हणाली. "माळा माझ्या गळ्यात घाल. मीपण लग्नालाच चाललेय ना?"

मी घातल्या. फाटक उघडलं, गाडी पळाली आणि थोड्या वेळानं पेटीतून गार हवा यायला लागली. मागे मामा खुशीत टप बडवत होता.

हॉटेलच्या दरवानानं आम्हाला पाहून हात केला. "माल मागच्या दारानं."

केकच्या फळीचं एक टोक माझ्या हातात होतं, एक आईच्या. तिचा अर्धा चेहरा झेंडूत बुडाला होता. "माल बेकरीचा असेल," ती म्हणाली. "मी लग्नाची पाहुणी आहे." आणि ती पुढच्या दारानं आत चालू लागली, म्हणून मलाही जावं लागलं. बेकरीचा खोका टेबलावर होता, वरची रिबीन तशीच. मुलाच्या आईनं केककडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि तो खोका उचलायला सांगितला.

अपशकुनाचं म्हणाल तर त्या मुलीला आज नातवंडं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आईनं भट्टी पेटवली होती. माळा तिनं टाकल्या नव्हत्या. बाजूच्या भिंतीवर खुंटीला लावल्या होत्या, भट्टीच्या तोंडापासून चांगल्या लांब.