न उघडलेला टॉवेल

आमच्याकडे आहेराचा टॉवेल कुणी उघडत नाही. उघडला तर पुढे द्यायचा कुणाला?

म्हणून तर गावाला जाताना मी आईने दिलेले सोन्याचे झुबे अशाच एका टॉवेलच्या घडीत लपवले आणि स्वयंपाकातल्या हळदीच्या हातानेच त्याची पिशवी बंद केली. चोर कपाट फोडेल, पण टॉवेल-टोपी नेणार नाही! (त्याच्याही घरी ढीग असणारच.)

परत आले तर टॉवेल गायब.

"आत्या, हितला टॉवेल?"

सासूबाई म्हणाल्या, "नातेपुत्याच्या मामाला दिला की, लग्नात. का गं?"

"काय न्हाय. सहज!"

दिलेला आहेर परत मागायचा? त्यापेक्षा कान कापून दिलेले बरे! शेवटी धीर करून मामांना फोन लावला.

"मामा, टॉवेल कसा निघाला?"

"लई भारी! रोज आंघोळीला त्योच घेतो की."

रोज? म्हणजे झुबे मोरीतून वाहून गेले! मला रडूच फुटलं. रडत रडत सगळं सांगून टाकलं. तसे मामा खाकरले.

"पोरी, त्यो मी माळशिरसच्या व्याह्यांना दिला. पिशवीसुदिक उघडली न्हाय."

व्याह्यांना फोन केला, तर म्हणाले, "ताई, आत्ता त्यानंच तोंड पुसतोय बघा!"

झुब्यांचं सांगितल्यावर त्यांचं तोंड एकदम कोरडं झालं. "दिला वो कुणाला तरी. चार लग्नं झाली, कुणाचं नाव सांगू?"

आईची तेवढीच आठवण. ती टोपी-नारळासोबत जिल्हाभर मान घेत हिंडत होती, आणि मी रिकामे कान पदराखाली झाकून घरात बसले होते!

दोन महिन्यांनी लेकीचा साखरपुडा झाला. करमाळ्याहून माझा सख्खा भाऊ आला. ह्यांच्या डोक्यावर टोपी ठेवून त्याने हातात टॉवेल दिला. "दाजी, खास तुमच्यासाठी निवडून आणलाय!"

पिशवीच्या कोपऱ्याला माझ्याच बोटाची हळद!

चारचौघांत कधी मान वर न करणारी मी, पण झडप घातली आणि टॉवेल फडकन उघडला. झुबे ओटीत पडले. पाहुणे मात्र झुब्यांकडे बघतच नव्हते. बाईने आहेराचा टॉवेल चक्क उघडला, ह्याच्याकडेच सगळ्यांचे डोळे!

आठवड्याने भावाचा फोन आला. "ताई, उघडलाच हाय तर दाजी वापरत्यात का न्हाय?"

"व्हय की! रोज आंघोळीला त्योच लागतो," मी म्हणाले, आणि टॉवेलवर इस्त्री फिरवून तो पुन्हा पिशवीत सरकवला. (आधी दोनदा झटकला.)

दुसऱ्या दिवशी नातेपुत्याला मामांकडे वास्तुशांत होती.