जयाबाईंनी साच्यांना लावलेल्या पाट्या

जया खोब्रागडे चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गडचिरोलीच्या नेटवर्क केंद्रात लागली. तालुक्यांच्या कचेऱ्या तेव्हा, म्हणजे २००४ च्या सुमारास, एकमेकींना जोडल्या जात होत्या आणि मिळेल ते यंत्र बसवलं जात होतं. आरमोरीला एका कंपनीचा राउटर, सिरोंच्याला भलत्याच कंपनीचा. कोणत्या राउटरमध्ये काय माहिती भरायची, काय सोडलं तरी चालतं, हे सांगणारे साचे केंद्रानं सीडीवर घालून सगळीकडे दिले होते. ते लावले होते कंपनीच्या नावानं, आवृत्तीच्या आकड्यानं. फोल्डरच्या पोटात फोल्डर. ऑपरेटर आत शिरला की हरवलाच.

जयानं हे मनावर घेतलं. रोजचं काम आटोपल्यावर ती एकेक साचा उघडून वाचत बसे. शेवटी तिनं सारे नव्यानं लावले: यंत्रांच्या पत्त्यांचे एकीकडे, माहिती जाण्याच्या मार्गांचे दुसरीकडे, सुरक्षेचे तिसरीकडे. तिचे साहेब देवानंद मेश्राम खूश झाले. नव्या सीड्या तालुक्यांना गेल्या.

पावसाळ्यात वीज पडून आरमोरीचा राउटर जळला. बदली आला तो दुसऱ्याच कंपनीचा. तिथले ऑपरेटर हेमराजभाऊ यांचा फोन आला.

"मॅडम, सकाळपासून शोधून राह्यलो, साचा काही गावत नाई. लोकं दाखल्यासाठी बाहेर बसून आहेत."

एरवी जयानं फोनवरच सांगून टाकलं असतं. पण इतक्या खपून लावलेल्या साच्यांत माणसाला सापडत का नाही, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. मिळाली ती एसटी पकडून ती आरमोरीला गेली.

"भाऊ, मी काही सांगत नाही. तुम्हीच शोधा, मी नुसती पाहते," ती म्हणाली.

हेमराजभाऊ तिच्या वडिलांच्या वयाचे. ते अवघडले. "चुकलो तं हसाल."

"नाई हसत."

त्यांनी सरळ 'सुरक्षा' उघडलं.

"इथी काऊन?"

"पहिला जळला नं, बाई. आता नव्याले सांभाळाच लागते. सुरक्षाच झाली का नाई?"

जया हसली नाही. तिचे कान मात्र तापले. भाऊंचं बोलणं त्यांच्या जागी बरोबर होतं. तिनं साचे लावले होते ते आपल्याला आतून दिसतात तसे. इथला माणूस येणार तो आपल्यावर काय ओढवलंय ते घेऊन. तिनं पत्त्यांच्या फोल्डरातून साचा काढून दिला, दोघांनी मिळून माहिती भरली, आणि दुपारी लाइन आली. बाहेरची माणसं दाखले घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं, सगळं पुन्हा लावायला हवं.

"नको," देवानंद म्हणाले. "काही जणांले आत्ता कुठं सवय झाली. आन् केंद्रातून यंत्रांत माहिती भरते तो आपला प्रोग्रामही त्याच नावानं साचे उचलते. हलवले तं तो बंद पडंल."

जयाला राग आला, पण खोटं काही नव्हतं. चहा थंड होईपर्यंत दोघं वाद घालत राहिली, आणि त्यातूनच वाट निघाली. साचे हलवायचे नाहीत, पाट्या लावायच्या. एकाच साच्याला यंत्राची पाटी, कामाची पाटी आणि लोकांच्या तोंडच्या शब्दांचीही. ऑपरेटरनं शोधताना 'जळला' लिहिलं काय किंवा 'बदलला', पोचायचं एकाच ठिकाणी. जुना झालेला साचा उघडला, तर त्यानं नव्याकडे बोट दाखवायचं.

मग ती तालुक्यांना फोन करकरून विचारू लागली, तुम्ही याला काय म्हणता? सिरोंच्याचे झाडूभाऊ म्हणाले, "आमच्याकडं राउटरले पेट्टे म्हणतेत." तेलुगूत पेट्टे म्हणजे पेटी. तिनं तीही पाटी लावली. देवानंदांनी भुवया उंचावल्या, पण ती खोडली नाही.

सुरुवातीला घोटाळेही झाले. 'लाइन' हा शब्द कोणी विजेसाठी वापरी, कोणी टेलिफोनसाठी, आणि माणूस भलत्याच साच्यावर जाऊन बसे. अशी तक्रार आली की जया त्या माणसालाच विचारून पाटी सुधारी. फोन कमी झाले, थांबले मात्र नाहीत.

उन्हाळ्यात हेमराजभाऊंचा पुन्हा फोन आला. जयानं घाईनं विचारलं, "काय बंद पडलं, भाऊ?"

"काईच नाई. कुरखेड्याच्या कचेरीतला पोरगा अडला होता, त्याले मीच साचा काढून देल्लो. म्हटलं, बाईले सांगावं."

जया बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसली. आरमोरीचं पाऊसपाणी, धान, पोरीचं लग्न, सगळंच निघालं.