गोळ्याचं तीर्थ

अकोल्याच्या जठारपेठेत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. दिवसभर मशीनसमोर मोबाईल टेकवून मी अंतराळातले सिनेमे आणि मालिका पाहते. गिऱ्हाइकं विचारतात, ‘ताई, तुम्ही सासू-सुनेच्या सिरियल नाही पाहत?’ नाही पाहत. सासू मला घरी फुकटात पाहायला मिळते, तिच्यासाठी डेटा कशाला जाळू?

या सिनेमांवर माझी मतं आहेत आणि ती कोणी विचारली नाहीत तरी मी सांगते. अंतराळात हवाच नाही, तरी यांचे स्फोट धाडधाड वाजतात. चांगली मालिका दोन सीझनमध्ये आटपायची सोडून पाच सीझन ताणतात, आणि मग शेवट काय करावा ते त्यांनाच कळत नाही. परग्रहावरची मंडळी उतरणार ती परदेशातल्या मोठ्या शहरातच. आमच्या बार्शीटाकळीकडं काळ्या मातीची एवढी मोकळी वावरं पडली आहेत, तिथं उतरायला यांना काय धाड भरते? पण सगळ्यात जास्त चीड येते ती वरून पडलेल्या अनोळखी वस्तूला हात लावणाऱ्याची. असा शहाणा प्रत्येक सिनेमात एक असतोच. मी मशीन थांबवून ओरडते, ‘अबे, हात नको लावू!’ तो लावतोच.

विज्ञानाच्या बातम्याही मी वाचते. टीव्हीवरचे लोक दर महिन्याला पृथ्वीचा अंत करतात, ते मी मनावर घेत नाही. पण एक बातमी डोक्यात रुतून बसली होती. जुन्या रॉकेटांचे तुकडे कधी कधी खाली पडतात, त्यांतल्या एखाद्या टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं, लिव्हर, फुप्फुसं कशावरही परिणाम होतो, म्हणून जवळ जायचं नाही. ते वाचल्यावर किती तरी दिवस मी गच्चीवर वाळवण घालताना वर बघत होते. नवरा हसायचा. खरं सांगायचं तर मी जात्याच भित्री आहे. मोबाईलमधली भीती बंद करता येते, म्हणून ती मला आवडते.

दसरा तोंडावर आला होता. माझ्या आईचं बार्शीटाकळीकडं झेंडूचं वावर आहे. बाबा गेल्यापासून ती एकटीच करते, तोडायला बाया लावते. त्या दिवशी सकाळी मी एका साडीला फॉल लावत होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला.

“पाय वं, आपल्या वावरात का पडलं ते!”

मोबाईल तिनं उलटा धरला होता, आधी सगळं आभाळच दिसलं. मग बांध दिसला. बांधावर आमचा शेंदराचा दगड आहे, त्याला आम्ही वावरातला देव म्हणतो. त्याच्या शेजारी एक काळा गोळा ठेवलेला होता, मोठ्या कोहळ्याएवढा. त्यावर दोरे गुंडाळल्यासारखे दिसत होते, एका बाजूला धातूचं तोंड होतं. वरून हळद-कुंकू, शेंदूर आणि झेंडूचा हार.

माझ्या हातातली साडी खाली पडली. बातमीतल्या फोटोत असाच गोळा होता.

“आई, तू त्याले हात लावला?”

“हात लावल्याबिगर इथं कसा येईन? झेंडूच्या सरीत पडला होता. उचलून आनला, धुतला, पूजा केली.”

“मागं सरक आधी! त्याचा वास येते काय?”

“येते ना. फवारनीच्या पंपाचा येते तसा.”

आमच्या वावरात सगळ्यालाच फवारणीचा वास येतो, माणसांनाही. त्यावरून काय कळणार? तरी मी म्हटलं, साबणानं हात धू, चुळा भर, बायांना दूर कर. ती म्हणाली, “बाया त कवाच पराल्या. त्याइले भेव वाटलं.” आणि मग अगदी सहज, भाजीत मीठ टाकलं म्हणावं तसं म्हणाली, “दोघाइच्या आंगावर पानी घातलं अन् तीर्थ घेतलं म्या.”

तीर्थ. आमच्याकडं देवाला आंघोळ घातली की ते पाणी तळहातावर घेऊन प्यायचं असतं. ते तिनं गोळ्याचंही प्यायलं होतं. एवढे सिनेमे पाहिले मी, जगातल्या एकाही लेखकाला हे सुचलेलं नाही. त्यांचा मूर्खातला मूर्ख माणूस फार तर हात लावतो.

दुकानाचं शटर मी ओढलं की नाही, मला आठवत नाही. नवऱ्याच्या गाडीवर मागं बसले आणि त्याला सारखी ‘हाना ना जोरात’ म्हणत राहिले. आई आता फोन उचलत नव्हती. रिंग जायची आणि बंद व्हायची. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं, आणि मला सगळं अगदी रंगांसकट दिसत होतं, कारण असल्या गोष्टी बघण्यातच माझा जन्म गेला. एवढं काही माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आई बांधापासून लांब, निंबाखाली बसली होती. डोळे लाल होते आणि ती खोकत होती. फोन कुठं आहे विचारलं तर म्हणाली, गोळ्यापाशीच राहिला, तू मागं सरक म्हटलं म्हणून सरकली. नवरा पोलीस पाटलाला फोन लावत होता. मी आईला ओढतच रस्त्यावर आणलं, पहिली रिक्षा थांबवली आणि तडक अकोल्याला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, “फवारणी केली होती का?”

“फवारणी नाही हो, रॉकेट!” मी ओरडले. “रॉकेटची टाकी धुतलेलं पाणी प्यायली आहे ती!”

डॉक्टर आधी माझ्याकडं बघत राहिले. तपासणी माझीच करावी की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. मी मोबाईलवर ती बातमी काढून त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी लगेच आईला भरती करून घेतलं, रक्त घेतलं, ऑक्सिजन लावला. यावर नेमकं औषध काय, ते त्यांनाही फोन करून विचारावं लागलं. माहीत असलेला माणूसही घाबरतो हे पाहणं फार वाईट. मी आईच्या पायाशी बसून होते आणि तिचा प्रत्येक खोकला मोजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, गोळा बहुतेक रिकामाच असावा, डोळ्यांची लाली आणि खोकला झेंडूच्या कामामुळंही असू शकतो, तरी काही दिवस लक्ष ठेवा. तोवर वावरातला गोळा पोलिसांनी पोत्यात घालून नेला होता, हारासकट. तो कोणाचा होता, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही.

जिवात जीव आला तसा माझा राग वर आला. मी आईवर फाडकन ओरडले, “बाया भेऊन पळाल्या, तुले भेव नाही वाटलं? काहून हात लावला वं त्याले?”

ती उशीला टेकून बसली होती. सलाईनचा हात सांभाळत म्हणाली, “भेव त मलेई वाटलं बाप्पा. लय वाटलं. पन म्या मनलं, माही पोरगी लहानपनापासून ह्याच गोष्टी आवडीनं पायते. वाईट असतं त तिले कायले आवडलं असतं?”

मी तिचा हात धरला. तिच्या नखांत अजून शेंदूर होता.