वास नसलेली तांबोशी

अंदमानात जाऊन काय पाहिलंस, असं आमच्या गावात, कडावात, कुणी विचारलं की मी सांगते, माझ्या मोठ्या दिरांना पाहिलं. समुद्र त्यांच्या मागे होता, तो जेवढा दिसला तेवढा दिसला.

आमची लेक तिथल्या एका बेटावर, किनाऱ्यावरच्या हॉटेलात स्वयंपाक करते. रीतसर शिकून, पगारावर. गावात मात्र आमच्या घरच्यांनी ती 'तिकडं कंपनीत' आहे असं सांगून ठेवलं होतं. मुलगा असता तर शेफ झाला म्हणून नाक्यावर बॅनर लावला असता. मुलगी परक्या मुलखात शेगडीपुढे उभी राहते म्हणजे कमीपणा. हेच ती घरात फुकट करत असती तर कुणाचीच ना नव्हती.

"एकदा येऊन माझ्या हातचं जेवा," म्हणून ती केव्हापासून मागं लागली होती. आमचे हे एका हाकेत तयार झाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दीर आणि जाऊबाईही निघाले. विमानतळावर तिकिटं हातात आली तेव्हा कळलं, जायची चार आणि यायची पाच. दिरांनी जवळच्या चौक गावातल्या एका गॅरेजवाल्याचं स्थळ हेरून ठेवलं होतं. सहलीच्या नावानं पोरीला गाठायचं आणि गोडीगुलाबीनं घरी आणायचं, असा दोघा भावांचा बेत. मला आधी सांगितलं नाही, कारण मी तोंडाळ. तेवढं मात्र खरं आहे.

हॉटेल म्हणजे वाळूतच मांडलेली टेबलं. पावसाळ्यात शहरातली माणसं आमच्याकडे येऊन चिखलात लोळतात, बांधावर उभी राहून फोटो काढतात, तेव्हा आम्ही त्यांना पोटभर हसतो. इथं दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दिवस मावळल्यावर काळा चष्मा लावून लाटांकडे पाठ करून उभे राहिले. फोटो मलाच काढावा लागला.

पुढे बर्फावर मासे मांडले होते. आपण मासा निवडायचा, तो आतून शिजवून आणतात.

"सरका, मी बघतो," दीर म्हणाले. "मासा कळायला मानूस रायगडचाच लागतो."

आता आम्ही रायगडचे हे खरं, पण समुद्र आम्हाला टेंपोतून भेटतो. बंदरावरून निघालेला मासा बर्फात मुक्काम करत करत आमच्या बाजारात पोचतो, तोवर त्याला चांगला वास धरलेला असतो. त्या वासावर आलं, लसूण, मिरचीचा मारा केला की आम्ही जेवायला बसतो. दिरांचं सगळं शिक्षण या माशांवर झालेलं.

त्यांनी एक तांबोशी उचलली, कल्ला वर करून नाक आत घातलं. मग पुन्हा घातलं. मग ह्यांना बोलावलं.

"वास नाय रं हिला."

ह्यांनी हुंगली. जाऊबाईंनी हुंगली. दिरांनी शेजारची सुरमई हुंगली, तिच्या पलीकडचं पापलेट हुंगलं. "एकालाबी वास नाय," त्यांनी निकाल दिला. "सगळ्याला केमिकल मारलंय." मागे ताटकळलेली माणसं बघायला लागली. वेटर बिचारा आत धावला आणि आमच्या लेकीलाच घेऊन आला. पांढरा कोट, डोक्याला टोपी. एवढी नीटनेटकी मी तिला आमच्या घरात कधी पाहिली नव्हती.

"काका, दुपारी होडीतनं उतरलीय ती," ती हसून म्हणाली आणि तांबोशी घेऊन आत गेली.

केळीच्या पानात भाजून, लिंबू नि मिरी लावून तिनं ती स्वतः आणली आणि टेबलापाशी उभी राहिली. दिरांनी घास घेतला. "आजाऱ्याचं जेवन हाय गं," म्हणाले. जाऊबाईंनी लगेच पर्स उघडली आणि स्टीलचा डबा काढला. कडावहून विमानानं आणलेली सुकटीची चटणी! झाकण निघालं आणि त्या किनाऱ्यावर पहिल्यांदा माशाचा वास सुटला. पलीकडच्या टेबलावरची बाई खुर्ची सरकवून बसली. दिरांनी ताज्या माशावर सुकी मासळी मूठभर पेरली आणि काट्यापर्यंत सगळं साफ केलं. लेकीचा चेहरा उतरला होता. तो डबा समुद्रात भिरकावावा असं मला वाटत होतं. ह्यांनी मात्र डब्याला हात लावला नाही. ते मान खाली घालून हळूहळू खात होते.

पोट भरल्यावर दीर खुशीत आले. "हाताला चव हाय पोरीच्या. पावन्यांना सांगू, सैपाक एक नंबर करते. तुजं तिकीट बी काढलंय, आमच्या संगतीच चल आता."

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"भावजी," मी म्हटलं, "पावन्यांना सांगा, तिच्या हातचं खायचं आसंल तर विमानानं या. आणि आल्यावर लायनीत उभं ऱ्हावा."

"बघ रं, तुजी बायको कशी बोलते," दीर भावाला म्हणाले.

ह्यांनी बोटं पुसली, पान नीट दुमडून ठेवलं आणि लेकीला विचारलं, "दिवाळीला येशील ना गं?"

"दिवाळीत आमचा सीझन असतो, बाबा."

"मग नंतर ये. सुट्टी मिळंल तवा ये."

तिला न्यायला आलेला माणूस आता तिची सवड विचारत होता. मला भरून आलं. माशाला मीठ जरा कमीच होतं, पण ते तिला सांगायची माझ्यासारख्या तोंडाळ बाईचीही हिंमत झाली नाही.