एकाच कापडाची जोडी

रस्त्याकडच्या दोरीवर बायकोचा गाऊन आणि माझा एप्रन शेजारीशेजारी वाळतायत. दोन्ही एकाच निळ्या फुलांच्या कापडाचे. वारा आला की गाऊनची बाही एप्रनला ढोसते, अगदी हिच्यासारखी.

हिनं साडी सोडून घरच्या मशीनवर पहिला गाऊन शिवला, तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला होता. ही म्हणाली, "बोलू नका, पण खिसा बघा केवढा झालाय!"

आता हिचे गुडघे धरलेत, म्हणून भाकऱ्या मी थापतो आणि पिठाचे हात धोतराला पुसायचो. तर हिनं गाऊनच्या उरल्या कापडातून माझ्यासाठी एप्रन बेतला.

"फुलाफुलांचं मी घालायचा नाही."

"मग धोतर तुम्हीच धुवा."

घातला. चष्मा, अडकित्ता, सगळं खिशात मावतं, हे कबूल करतो. नव्या कापडाची खळ दोन धुण्यांत जाते. माणसाची जायला पन्नास वर्षं लागतात, पण जाते खरी.

इतके दिवस एप्रन मोरीमागे लपवून वाळवायचो. आज मीच पुढे आणून वाळत घातला. शेजारीण थांबून म्हणाली, "आबा, जोडी झकास दिसते हो!"

"दिसणारच," मी म्हटलं. "आणि भाकरी माझीच जास्त फुगते, तेही सांग सगळ्यांना."