भिंतीवरचा वॉल्टर

आमच्या दिवाणखान्यात वॉल्टर नावाच्या एका माणसाचा सत्कार टांगलेला आहे. हा वॉल्टर अमेरिकेत कुठल्याशा रेकॉर्डच्या दुकानात होता. पन्नास वर्षांपूर्वी एका रॉक बँडची रेकॉर्ड लाखांनी खपली, तेव्हा कंपनीने ती खपवणाऱ्यांना सोनेरी मुलामा दिलेली रेकॉर्ड चौकटीत घालून भेट दिली. खाली पितळी पट्टीवर ज्याचं त्याचं नाव. माझा मुलगा गौरांग अशा चौकटी जमवतो. आमच्याकडे सात आहेत, आणि सातही सत्कारमूर्ती आम्हाला अनोळखी.

गौरांग चौतीस वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासतो. केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवतो. घरी आला की भिंगातून चौकटींचे खिळे बघत बसतो. खंडेनवमीला हा मोजमापाच्या अवजारांची पूजा करतो आणि एक झेंडू वॉल्टरलाही वाहतो. माझं त्याला काही म्हणणं नव्हतं. मला काळजी होती त्याच्या लग्नाची. आलेल्या दोन्ही स्थळांनी भिंतीकडे बघून विचारलं, हे चिरंजिवांना कशाबद्दल मिळालं? यानं खरं ते सांगितलं. दुसऱ्यांची बक्षिसं विकत घेणाऱ्याला मुलगी कोण देणार?

तिसरं स्थळ मनमाडचं, यशश्री. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी शालिमारजवळच्या ढाली-चषकांच्या दुकानातून एक पट्टी कोरून आणली. ‘गौरांग दीक्षित – विशेष सन्मान’. ती वॉल्टरच्या नावावर चिकटवली. दुकानदाराने चिकटवायला दिलेलं द्रव्य फार चांगलं निघालं.

यशश्रीचे वडील शामसुंदरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी पट्टी वाचली आणि समाधानाने मान हलवली. मी पोहे आणायला वळले. तेवढ्यात गौरांगने पट्टी पाहिली. त्याचा चेहरा कारखान्यातल्या एखाद्या सदोष सुट्या भागाकडे पाहावं तसा झाला.

“काका, हा सन्मान माझा नाही,” तो म्हणाला. “खाली दुसऱ्याचं नाव आहे.”

“पट्टी मी लावली,” मी म्हणाले. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

यशश्री उठून चौकटीजवळ गेली आणि रेकॉर्डवरचे गाण्यांचे पट्टे मोजू लागली. लेबलवर पाच गाणी आणि पट्टे सात कसे, तिने विचारलं. गौरांग खुलला. कंपन्या हाताला लागेल त्या रेकॉर्डला मुलामा देत, त्यामुळे आतली गाणी बहुधा भलत्याचीच असतात, हे त्याने तिला दहा मिनिटं समजावलं.

“म्हणजे सत्कार वॉल्टरचा, नाव तुमचं आणि गाणी तिसऱ्याची,” शामसुंदरराव म्हणाले. “आमच्या खात्यात असंच चालायचं.”

यशश्रीने केस वाळवायचं यंत्र मागितलं. दोघांनी मिळून पट्टी तापवून काढली. पट्टीबरोबर वॉल्टरच्या नावातली दोन अक्षरंही गेली. आता जाणकार ही चौकट फुकटही घेणार नाहीत, असं गौरांग म्हणाला. असं म्हणताना तो हसत होता, हे मला जरा लागलंच.

आठ दिवसांनी मनमाडहून फोन आला. होकार होता.

“मुलगा फुकटचा मान घेत नाही, एवढं आम्हाला पुरे,” शामसुंदरराव म्हणाले. “मात्र विहीणबाई, पत्रिका आम्ही छापून घेतो. नावांचं काम तुमच्याकडे नको.”

मी बरं म्हटलं.