डॅशबोर्डखालचा पाचवा स्विच

माझे सासरे धारला राहतात आणि मी देवासला. मध्ये अख्खं इंदूर आहे, आणि आम्हा दोघांत तेवढं अंतर लागतंच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तरी ते 'जावईबापू' म्हणाले की मला कुणीतरी कोर्टाची नोटीस वाचून दाखवतंय असं वाटतं.

या वेळचं भांडण त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीवरून होतं. बायको तिच्यावरच गाडी शिकली होती, धारजवळच्या तिरल्याच्या रस्त्यावर, वडिलांना शेजारी बसवून. तिला ती गाडी हवी होती. सासऱ्यांचं म्हणणं, गाडी भंगारात देईन, पण ज्याला साधा मिक्सर उघडून परत लावता आला नाही त्याच्या दारात उभी करणार नाही. मिक्सर त्यांचाच होता. तीन स्क्रू उरले होते, ते त्यांनी पुराव्यासारखे डबीत जपून ठेवलेत.

शेवटी बायकोने भांडून एक रविवार मिळवला. पाच वाजता भंगारवाला येणार. त्याआधी हॉर्न, वायपर, हेडलाइट आणि इंडिकेटर यांचे स्विच चालले पाहिजेत आणि गाडी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेली पाहिजे. इंजिन ठणठणीत होतं. सकाळी त्यांनी चावी फिरवून ते मुद्दाम ऐकवलं.

"जावईबापू, डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी एक सांगतो..."

"बाबा, मी फॅक्टरीत रोज पॅनल उघडतो. याच्या दहापट वायरी असतात त्यात."

"बरं," ते म्हणाले आणि खुर्ची आणून बरोबर समोर बसले. (मी पॅनल उघडतो हे खरं आहे. आत हात दुसरा माणूस घालतो, मी रजिस्टरवर सही करतो.)

काम सोपं होतं. बॅटरीची तार काढायची, स्विच बाहेर ओढायचा, वायरी तपासायच्या मीटरच्या दोन सुया त्याच्या दोन टोकांना लावायच्या. चालू केला की मीटरने पीं करायचं, बंद केला की गप्प बसायचं. वायपरचा स्विच दोन्हीकडे गप्प. उघडला तर आतले पितळी पॉइंट काळेठिक्कर. पॉलिश पेपरने घासले. पीं! हेडलाइटचंही तेच, इंडिकेटरचंही तेच. हॉर्नच्या बटणातली स्प्रिंग मात्र उडाली ती थेट सासऱ्यांच्या चपलेपाशी. त्यांनी पाय तसूभरही हलवला नाही. मला त्यांच्या पायांशी वाकावं लागलं, आणि त्यांनी आशीर्वादही दिला नाही.

मग डॅशबोर्डखाली, डाव्या कोपऱ्यात, एक पाचवा स्विच बोटाला लागला. कशाचा, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यालाही सुया लावल्या. खाली केला, पीं. वर केला, गप्प. "एकदम फर्स्ट क्लास!" सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी ओरडलो आणि तो तसाच वर ठेवून पुढे सरकलो.

भंगारवाला साडेचारलाच लोडिंग टेम्पो घेऊन हजर. मी तार जोडली. हेडलाइट लागले, वायपर फिरले, इंडिकेटर लुकलुकला. हॉर्न मी सासऱ्यांच्या दिशेने गरजेपेक्षा बराच जास्त वाजवला. मग चावी फिरवली. घर्रर्र. परत घर्रर्र. दहा वेळा घर्रर्र. इंजिन काही पकडेना.

"भिया, उठा लूँ?" भंगारवाल्याने दोर काढला.

माझं डोकं फिरलं. "तुम्हीच काहीतरी काढून ठेवलंय!" मी सासऱ्यांवर ओरडलो. "तुम्हाला गाडी द्यायचीच नव्हती!"

"देणार नव्हतोच," ते शांतपणे म्हणाले. "पण काढलं काही नाही. सकाळी सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत."

"मग नुसतं बसून बघत होतात?"

"पाचपर्यंत बघणार होतो."

आवाज ऐकून बायको बाहेर आली. "अहो, सरका," म्हणून मला ढकलून बसली. न बघता हात डॅशबोर्डखाली घातला. टक्. चावी फिरवली आणि इंजिन लागलं.

"चोर स्विच आहे तो," ती म्हणाली. "गाडी कुणी पळवू नये म्हणून बाबांनी बसवून घेतलेला. वर असला की इंजिनाला करंटच जात नाही. वर केला कुणी?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

"बाबूजी," भंगारवाला दोर आवरत, माझ्याकडे बघत सासऱ्यांना म्हणाला, "खाली हाथ क्या जाऊँ? इनको ही ले जाता हूँ।"

एकवीस वर्षांत सासरे माझ्यासमोर पहिल्यांदा हसले. कागदपत्रं त्यांनी लेकीच्या हातात दिली. "गाडी तुझी. यांच्या हातात चावी दिसली, तर देवासला येऊन परत घेऊन जाईन."

म्हणून देवासपर्यंत तिनेच चालवली. वाटेतलं घाटाबिल्लोद मागे पडल्यावर रुमाल काढताना माझ्या खिशातून एक स्क्रू निघाला. कुठला, ते आठवेना. वायपरचा असावा. तिचं लक्ष रस्त्यावर होतं. मी स्क्रू परत खिशात सारला आणि पाऊस येऊ नये म्हणून मनापासून प्रार्थना केली.